पाऊस सरासरीने पडत नाही

पावसाळा सरला की दरवर्षी एक शासकीय वाक्य वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते : जिल्ह्यात यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस झाला. हा आकडा नव्वदीच्या पुढे असला की मुंबईत सुस्कारा सोडला जातो, जिल्हाधिकारी कार्यालयात दुष्काळाची फाईल मिटवली जाते आणि पुढारी मंडळी दिवाळीच्या तयारीला लागतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा किंवा मूर्तिजापूरचा शेतकरी मग सांगू लागतो की, ऑगस्टात सोयाबीनची फुले गळाली आणि जे थोडे हाती लागायचे ते परतीच्या पावसात शेंगेतच उगवले. त्याच्या तोंडावर हाच आकडा फेकण्यात येतो. आकडा खोटा नसतो. पर्जन्यमापकात पडलेले पाणी खरोखरच तेवढे भरते. तरीही त्या शेतकऱ्याची नुकसानी खरी आणि शासनाचे समाधान खोटे, हे सिद्ध करता येते. ते सिद्ध करण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी शासनाच्या संख्याशास्त्र्यांवर सोपवून स्वस्थ बसू नये, एवढ्यासाठी हा लेख.

सरासरीच्या आडून गरिबाला गप्प बसवण्याचा प्रयोग या देशात नवा नाही. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितले की, या देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी उत्तर दिले की हा आकडा पंधरा आणे आहे. नेहरूंचा आकडा बेरजेच्या दृष्टीने निराधार नव्हता, कारण तो साऱ्या राष्ट्राच्या उत्पन्नाला साऱ्या लोकसंख्येने भागून काढलेला होता. परंतु त्या भागाकारात गिरणीमालकाचे उत्पन्न शेतमजुराच्या खात्यावर लिहिले गेले होते. लोहियांचा प्रश्न एकूण बेरजेविषयी नव्हता, वाटणीविषयी होता. आणि वाटणीच्या प्रश्नाला सरासरीने उत्तर देणे म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याची फसवणूक करणे होय. पावसाच्या बाबतीत आज साठ वर्षांनंतरही नेमके हेच चालू आहे. फरक इतकाच की, तेथे उत्पन्न माणसामाणसांत वाटले जात होते, येथे पाऊस दिवसादिवसांत वाटला जातो.

ही वाटणी का महत्त्वाची, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, दोन गावांत चार महिन्यांत प्रत्येकी ७०० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या गावात तो पन्नास दिवसांत थोडाथोडा पडला. दुसऱ्या गावात तो पंचवीस दिवसांतच पडला, त्यातील ३०० मिलिमीटर अवघ्या तीन दिवसांत कोसळला आणि ऑगस्टात चोवीस दिवस आभाळ कोरडे राहिले. शासनाच्या तक्त्यात दोन्ही गावे सारखी, दोन्ही शंभर टक्के. पण पहिल्या गावात पीक आहे आणि दुसऱ्या गावात आधी चिबडलेले व नंतर करपलेले रान आहे. वऱ्हाडची काळी कसदार जमीन तर या बाबतीत अधिकच नाजूक. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि मग पाणी खाली मुरू देत नाही. तीच वाळली की तिला हातभर भेगा पडतात आणि उरलीसुरली ओल त्या भेगांतून उडून जाते. अतिपावसाने आणि अवर्षणाने अशा दोन्ही बाजूंनी मार खाणारी ही जमीन आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांत, विहिरीचे पाणीही खारट. खंड पडला असता दुसरीकडचा शेतकरी विहिरीवर मोटार लावून एखादे संरक्षित पाणी देऊ शकतो; खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याने तसे केले तर त्याची जमीनच बिघडते. अशा शेतकऱ्याला हंगामाची बेरीज सांगणे म्हणजे उपाशी माणसाला वर्षाच्या धान्याचा हिशोब दाखवणे होय. पिकाला आज पाणी लागते, आणि ऐन ऑगस्टात उभ्या पिकाची दिवसाची गरज चार-पाच मिलिमीटरची असते. सप्टेंबरच्या महापुराने ती मागील तारखेने भागत नाही.

सरासरी काळाची काढतात तशी जागेचीही काढतात, आणि तीही तितकीच फसवी आहे. अमरावती जिल्हा म्हणजे एकीकडे मेळघाटचा डोंगर आणि दुसरीकडे पूर्णेकाठचे सपाट रान. चिखलदऱ्याच्या पठारावर पडणारा पाऊस खालच्या मैदानातील पावसाच्या सुमारे दुप्पट असतो. हे दोन्ही एका जिल्ह्याच्या आकड्यात मिसळले की चिखलदऱ्याचे ढग कागदावर दर्यापूरला पाऊस पाडतात. ही तक्रार जुनी आहे, म्हणून शासनाने तालुका आणि नंतर महसूल मंडळ हा घटक धरला, हे मान्य केले पाहिजे. पण एका मंडळात दहा-पंधरा गावे असतात, कोठे त्याहून अधिक. वादळी पावसाची एक सर नाल्याच्या अलीकडे पडते आणि पलीकडचे शेत कोरडे राहते, हे वऱ्हाडात शेंबडे पोरही सांगेल. त्या पंधरा गावांचे भवितव्य मात्र मंडळाच्या एका पर्जन्यमापकावर अवलंबून.

आता दिवसाच्या पावसाकडे वळू. पर्जन्यमापक सकाळी साडेआठ वाजता वाचतात. मागील चोवीस तासांचे पाणी त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाणी भरले तर हवामान खाते त्याला पावसाचा दिवस म्हणते. असे दिवस वऱ्हाडात वर्षाकाठी साधारण चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे एकशेबावीस दिवसांच्या पावसाळ्यातही बहुसंख्य दिवस बिनपावसाचेच असतात. जुलैत एखाद्या गावी २१७ मिलिमीटर पाऊस झाला तर सरासरी रोज सात मिलिमीटर येते. पण जुलैच्या बहुतेक दिवशी सात मिलिमीटर पाऊस पडतच नाही. बऱ्याच दिवशी काहीच पडत नाही आणि एखाद्या रात्री ऐंशी पडतो. पाऊस शून्याखाली जाऊ शकत नाही, वर मात्र त्याला मर्यादा नाही. त्यामुळे दोन-चार मुसळधार दिवस साऱ्या महिन्याची सरासरी वर ओढून नेतात. मूठभर धनिकांच्या उत्पन्नाने दरडोई उत्पन्न फुगते, त्यातलाच हा प्रकार.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावसाचे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. नाणेफेकीत काल छापा पडला म्हणून आज काटा पडण्याची शक्यता बदलत नाही. पावसाचे तसे नाही. आज पाऊस असला तर उद्याही असण्याची शक्यता अधिक, आणि आज कोरडे असले तर उद्याही कोरडे जाण्याची शक्यता अधिक. पावसाळी कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात दिवसेंदिवस उघाड पडते, याचेच हे आकड्यांतील प्रतिबिंब आहे. याचा परिणाम केवढा होतो, ते साध्या गणिताने कळेल. समजा, एखाद्या महिन्यात निम्मे दिवस पावसाचे आणि निम्मे कोरडे. दिवस नाण्यासारखे स्वतंत्र असते, तर आज कोरडे असताना पुढील सलग नऊ दिवसही कोरडे जाण्याची शक्यता ५१२ मध्ये एक इतकी नगण्य ठरली असती. पण कोरड्या दिवसानंतर पुन्हा कोरडाच दिवस येण्याची शक्यता चारात तीन अशी धरली, तर तीच शक्यता साधारण तेरात एक इतकी होते. दोन्ही उदाहरणांत पावसाच्या दिवसांची सरासरी अगदी सारखी, निम्मी. पण एका ठिकाणी दहा दिवसांचा खंड हा क्वचितचा अपघात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो नेहमीचा पाहुणा. शेतकऱ्याचे मरण या फरकात आहे, आणि सरासरीला हा फरक दिसतच नाही. तेव्हा पावसाच्या शास्त्रात मोजायचे ते खंड : किती दिवसांचे, कोणत्या आठवड्यात, पिकाच्या कोणत्या अवस्थेत.

हे केवळ वर्गातले गणित आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी दिलेले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेशी निगडित असलेले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. वऱ्हाड या पट्ट्यातच येतो. त्यांना आढळले की दिवसाला शंभर मिलिमीटर व त्याहून अधिक पावसाच्या घटना वाढत आहेत, मध्यम पावसाच्या घटना घटत आहेत, आणि हंगामाच्या सरासरीत मात्र काहीच कल दिसत नाही, कारण वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात. पुढे २०१७ साली त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आहेत. याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. सरासरी जागच्या जागी राहून पाऊस बदलू शकतो, आणि तो बदललेला आहे. शेतकऱ्याला उपयोगी पडणारा संथ, मुरणारा पाऊस कमी झाला आणि माती वाहून नेणारा पाऊस वाढला. जो शासनकर्ता सरासरीकडेच पाहत बसेल, त्याला हा बदल कधीच दिसणार नाही. आणि ज्याला तो पाहायचाच नाही, त्याच्यासाठी सरासरीसारखे सोयीचे साधन नाही.

२०२३ सालचा पावसाळा या सर्वांचा मूर्तिमंत नमुना होता. देशाचा हंगामी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला. म्हणजे तूट अवघी सहा टक्क्यांची. पण महिने सुटे करून पाहिले तर जुलैत १३ टक्के जास्त, ऑगस्टात ३६ टक्के कमी आणि सप्टेंबरात पुन्हा १३ टक्के जास्त. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आपल्याच अमरावती विभागात जुलैच्या उत्तरार्धात यवतमाळमध्ये आणि बुलढाण्याच्या सातपुड्याकडील तालुक्यांत पुराने शेते खरवडून गेली आणि त्यानंतर महिनाभर आभाळ रुसले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील एकही तालुका नव्हता. साऱ्या विभागातून बुलढाणा आणि लोणार हे दोनच. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात आणखी हजाराच्या घरात महसूल मंडळांना दुष्काळसदृश सवलती देण्यात आल्या. त्यासाठी निकष कोणता लावला? जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी! ज्या वर्षाची जखम एका महिन्याची होती, त्या वर्षाची तपासणी चार महिन्यांच्या बेरजेने करण्यात आली. ७४ टक्क्यांचे मंडळ दुष्काळी आणि ७६ टक्क्यांचे सुखी, असा हा न्याय.

आपल्या शेतकऱ्याची भाषा शासनाच्या भाषेपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती मानू नये. त्याच्याजवळ झड आहे, रिपरिप आहे, उघाड आहे, खंड आहे, वापसा आहे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे तो तेरा-चौदा दिवसांच्या नऊ कप्प्यांत मोजतो आणि कोणते नक्षत्र कोरडे गेले ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. नक्षत्रांचा फलज्योतिषाशी जोडलेला संबंध आपण अर्थातच मानत नाही, पण हंगामाची कप्प्यांत विभागणी करून हिशोब ठेवणे ही उत्तम संख्याशास्त्रीय पद्धत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या अक्षय तृतीयेच्या घटमांडणीवर आमच्यासारखे बुद्धिवादी टीका करतात आणि करावीच. त्या भाकिताला काडीचा शास्त्रीय आधार नाही. पण तेथेदेखील पावसाच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळे वेगवेगळी मांडतात. आमचे शासन चारही ढेकळे फोडून एकत्र कालवते आणि त्या चिखलाला सरासरी म्हणते.

शासनाला दिवस मोजता येत नाहीत, असे मात्र नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हा नियम दिवसाच्याच मोजणीवर उभा आहे. त्यातील दोष असा की, ६४ मिलिमीटर पडलेले शेत निकषाबाहेर राहते, आणि सलग तीन दिवस चाळीस-चाळीस मिलिमीटर पडून चिबडलेले शेतही बाहेर राहते. हा अन्याय इतका उघड होता की, अखेर २०२३ साली ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य करावी लागली. सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, हा तिचा एक निकष ठरला. म्हणजे लोकमताचा रेटा असला की शासन दिवसांची माळ ओवू शकते. मग ओल्या दिवसांची माळ ओवता येते तर कोरड्या दिवसांची का नाही? केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत खंडाचा उल्लेख आहे, परंतु तो आठवड्यांच्या हिशोबात. तीन-चार सलग आठवडे, प्रत्येक आठवड्यात सर्वसाधारण पावसाच्या निम्म्याहून कमी पाऊस. मधल्या एका आठवड्यात एकाच सायंकाळी जोराची सर आली आणि त्या आठवड्याची बेरीज निम्म्याच्या वर गेली की माळ तुटली. रोजच्या मोजणीतही हीच चलाखी होऊ शकते : अडीच-तीन मिलिमीटरची भुरभुर झाली की कागदावर खंड मोडतो, पण पिकाची एका दिवसाचीही तहान तिने भागत नाही.

पीकविम्याची कथा तर अधिक बोलकी आहे. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. हंगामाच्या मध्यावरच पीक निम्म्याहून अधिक जाणार असे दिसले तर भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देण्याची तरतूद तिच्यात होती, आणि २१ दिवसांहून अधिक खंड ही आपल्याकडे त्या परिस्थितीची ओळख ठरली. २०२३ च्या ऑगस्टनंतर जिल्हाजिल्ह्यांतून त्याप्रमाणे आदेश निघाले तेव्हा विमा कंपन्यांनी त्यांवर आक्षेप घेतले, अपिले केली. शेतकऱ्याचे पीक ऑगस्टात करपले आणि कंपन्यांचा वाद दिवाळीपर्यंत चालला. या वादाचा निकाल शासनाने अखेर कसा लावला? २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा विमा गेला आणि त्याबरोबर हंगामातील प्रतिकूल परिस्थितीची, स्थानिक आपत्तीची, पेरणीच न होण्याची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची तरतूदही गेली. उरले ते फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेले उत्पन्न. एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, हे खरे आहे. पण चोर कागदपत्रांत शिरला म्हणून पर्जन्यमापकाला शिक्षा करण्याचे कारण काय?

यावर शासनाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पाऊस कसाही पडो, अंतिम सत्य म्हणजे उत्पन्न; तेच थेट मोजले तर खंडाचा खटाटोप कशाला? पीक कापणी प्रयोगाला नमुना निवडीचे शास्त्रीय अधिष्ठान ज्यांनी १९४०च्या दशकात दिले, ते पानसे आणि सुखात्मे हे आपलेच थोर संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या पद्धतीविषयी मला आदरच आहे. परंतु ती पद्धत मोठ्या प्रदेशाचे उत्पन्न अजमावण्यासाठी आहे. मंडळातील मोजक्या प्लॉटांवरून काढलेली सरासरी एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई ठरवू लागली की तिच्यावर पेलणार नाही एवढे ओझे पडते. शिवाय तुलना कशाशी? मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न ठरते. जोखीमस्तर ७० टक्के धरला, तर दहा क्विंटलची सरासरी असलेल्या मंडळात साडेसात क्विंटल पिकले तरी भरपाई शून्य. आणि जेथे सातांपैकी तीन-चार वर्षे वाईट गेली, तेथे वाईट वर्षेच ‘उत्तम पाचां’त शिरतात आणि उंबरठा खाली खाली जातो. जो वारंवार बुडतो त्याला दर वेळी थोडे अधिक खोल बुडावे लागते, तेव्हा कोठे तो बुडाला असे मानतात. शेवटी, हा हिशोब पीक काढून झाल्यावर होतो. ज्याला ऑगस्टात दुसरी फवारणी, जनावरांचा चारा आणि सावकाराचे व्याज भागवायचे आहे, त्याला पुढल्या वर्षीच्या भरपाईचा उपयोग काय?

या साऱ्या चर्चेत एका माणसाचे नाव अद्याप आलेच नाही, आणि शासनाच्या पंचनाम्यात तर ते कधीच येत नाही. तो म्हणजे शेतमजूर. त्यातही निंदणाला आणि कापूस वेचणीला जाणारी बाई. तिची मजुरी रोजाची असते. झड लागली की वापसा नाही म्हणून काम नाही. खंड पडला की तण नाही, पीक नाही, म्हणून काम नाही. पावसाच्या प्रत्येक वेड्यावाकड्या दिवसाची किंमत ती त्याच दिवशी चुकवते. तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तिला विमा नाही, अनुदान नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या डाव्या आणि समाजवादी चळवळीने कामाचा हक्क मागितला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्या कायद्याचे मर्म असे होते की, दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता मागेल त्याला काम मिळावे. आज दुष्काळाची घोषणा सरासरीच्या दाराशी अडते आणि मजुराचे काम त्या घोषणेच्या दाराशी. हे दुहेरी कुलूप आपण फोडले पाहिजे.

येथे एका गोष्टीचा खुलासा करतो. आमच्यातील काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, आकड्यांचे हे सारे शास्त्रच प्रस्थापितांचे आहे, आपण ते सोडून द्यावे. हा विचार घातक आहे. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला तेव्हा अभियंत्यांचे मत होते की नदीचा तळ उंचावला आहे, सबब बांध उंच करावेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासून दाखवून दिले की तळ उंचावलेला नाही, वरच्या खोऱ्यात पडलेला अतिरिक्त पाऊस हे पुराचे कारण आहे. उपाय तेथे करावा. नोंदींच्या वहीने अधिकाऱ्यांच्या समजुतीचा पराभव केला. लोहियांनीही सरकारला आकड्यांनीच उत्तर दिले होते. संख्याशास्त्र कोणाच्या बाजूचे, हे प्रश्न कोण विचारतो यावर ठरते. आजवर प्रश्न मंत्रालयाने विचारले. आता ते गावाने विचारले पाहिजेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक मंडळाचा रोजचा पाऊस आणि मागील सर्व उपलब्ध नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात. लोकांच्या पैशाने मोजलेला पाऊस लोकांना विनामूल्य कळावा. २०२३ च्या केंद्रीय ‘विंड्स’ कार्यक्रमात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे वचन आहे. ते वऱ्हाडात, विशेषतः खारपाणपट्ट्यात, प्रथम पाळावे. खंड मोजताना अडीच मिलिमीटरची भुरभुर ग्राह्य धरू नये. जमिनीचा प्रकार आणि पिकाची अवस्था पाहून त्याची मर्यादा ठरवावी. हे काम करण्याची योग्यता १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापाशी आहे. तेथे कोरडवाहू शेतीवर संशोधन चालते, फक्त त्याला निर्णयाच्या खोलीत प्रवेश नाही. विम्यातील हंगाममध्याची तरतूद पूर्ववत करावी आणि तिचा निकाल कंपनीच्या आक्षेपावर अडू देऊ नये. खंड आणि झड यांच्या दिवसांत मागेल त्या मजुराला आठवड्याच्या आत काम किंवा बेकारी भत्ता मिळावा. खारपाणपट्ट्यात शेततळ्यांना अग्रक्रम द्यावा, कारण तेथे खंडातून पीक वाचवणारे गोडे पाणी फक्त आभाळातूनच येते.

आणि एक काम आपले स्वतःचे. शासनाची वही उघडत नसेल तर आपण आपली वही उघडावी. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा, एक मोजपट्टी आणि शाळकरी वही एवढे साहित्य पुरते. डबा झाडाझुडपांपासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे, लिहावे, ओतून टाकावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. ते शून्य लिहिणे सर्वांत महत्त्वाचे, कारण खंड शून्यांचाच बनलेला असतो. त्याच ओळीत पुढे लिहावे : आज निंदणाचे काम मिळाले की नाही, मजुरी किती. वहीवर दर आठवड्याला सरपंचाची आणि शाळेच्या गुरुजींची सही घ्यावी. अशा वह्या एकेका तालुक्यात वीस गावांतून मृगापासून हस्तापर्यंत भरल्या, तर डिसेंबरात अंतिम पैसेवारी जाहीर होईल तेव्हा आपल्या हाती घोषणेच्या फलकाबरोबर पुरावाही असेल. तहसीलदार सरासरी सांगेल. आपण त्याच्या टेबलावर एकशेबावीस दिवस ठेवावेत आणि विचारावे की यांतील कोणत्या दिवशी ती सरासरी पडली होती.